पडवीतला जनरेटर

मी एक जुना जनरेटर आहे, मित्रांनो. अंगावरचा लाल रंग उन्हानं विटलाय, एका बाजूची दांडी वाकलीय आणि ओढायची दोरी बदलून झालीय. पण आतून मी अजून धडधाकट आहे. दोरी ओढली की चालू होतो. ही बढाई नव्हे. माझ्या गोष्टीत माझं काही बिघडलंच नाही, तरी जे व्हायचं ते झालं. म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. इंजिन ओतून घडवलं, पोटात तांब्याची तार गुंडाळली आणि एका खोलीत मला पहिल्यांदा चालवून पाहिलं. मग खोक्यात बंद होऊन मी कल्याणच्या एका दुकानात आलो. तिथल्या फळीवर बरेच दिवस धूळ खाल्ली. एके दिवशी पांढऱ्या टोपीतला, कमी बोलणारा एक माणूस आला. त्यानं मला चारी बाजूंनी निरखलं आणि जीपच्या टपावर बांधून घरी नेलं. त्यांचं नाव ज्ञानेश्वर.

त्यांचं घर किन्हवलीच्या पुढे, भातखाचरांच्या कडेला. घरात त्यांची बायको देवकी, मुलगा आदेश, सून पूजा आणि आदेशची लहान मुलगी समीक्षा. देवकीबाई करोनातून वाचल्या होत्या, पण त्यांची फुप्फुसं पुन्हा पहिल्यासारखी झाली नाहीत. डॉक्टरांनी त्यांना ऑक्सिजनच्या मशीनवर ठेवायला सांगितलं होतं. ती मशीन खोलीतलीच हवा ओढते, तिच्यातला प्राणवायू वेगळा काढते आणि बारीक नळीनं नाकात सोडते. पण तिला वीज लागते. आणि आमच्या भागात फांदी पडली, डीपी उडाली, वारा सुटला, काहीही झालं तरी आधी वीज जाते. एक छोटी ऑक्सिजनची टाकी घरात होती, पण ती थोड्या वेळापुरती. म्हणून मला आणलं.

माझी जागा ज्ञानेश्वरांनी स्वतः ठरवली. घरापासून लांब, गोठ्याच्याही पलीकडे त्यांनी सागाचे डांब रोवले, वर पत्रे ठोकले आणि खाली दगडी ओटा बांधला. तिथून घरापर्यंत जाड वायर नेली. घरात एक खटका बसवला. वर केला की महावितरणची वीज, खाली केला की माझी.

देवकीबाई एकदा म्हणाल्या, "एवढ्या लांब कशाला ठेवलाय तो? पावसात जाता-येता भिजता नुसते."

"राहू दे तिकडंच," ज्ञानेश्वर म्हणाले.

त्यांनी कारण सांगितलं नाही. देवकीबाईंनीही विचारलं नाही.

दर रविवारी सकाळी ज्ञानेश्वर माझ्याकडे यायचे. वीज असली तरी यायचे. आधी फडक्यानं अंग पुसायचे. तेलाची काडी काढून उजेडात धरून बघायचे. उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, धुराच्या नळीत कुंभारमाशीनं घर केलं नाही ना, हे पाहायचे. मग पेट्रोलचा कॉक उघडायचे, चोक ओढायचे आणि दोरीला एकच दमदार हिसका. मी सुरू झालो की लगेच काही जोडायचे नाहीत. मान तिरपी करून माझा आवाज ऐकत उभे राहायचे. मी एका लयीत आलो की घराकडे जायचे.

"देवके, टाकतो गो खटका."

"टाका."

क्षणभर घरातली मशीन ओरडायची. मग माझी वीज पोचली की तिचा आवाज थांबायचा. ज्ञानेश्वर खिडकीशी येऊन विचारायचे, "आली का हवा?"

"आली."

दोघांचा चहा होईपर्यंत मी चालायचो. त्यानंतर ते मशीन पुन्हा महावितरणच्या विजेवर घ्यायचे आणि माझा कॉक बंद करायचे. नळीतलं उरलेलं पेट्रोल जाळून मी आपोआप थांबायचो. पेट्रोल आत साचून चिकटू नये म्हणून ही काळजी. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर ते माझं तेल बदलायचे. जुनं काळं तेल टाकून न देता गोठ्याच्या खांबांना लावायचे, त्यानं वाळवी लागत नाही. मित्रांनो, यंत्राला प्रेम कळतं की नाही मला ठाऊक नाही. पण वेळेवर आलेला हात कळतो.

वीज गेली की मी धावून जायचो. एकदा वादळात तारा तुटल्या, तेव्हा दोन दिवस मी थोडा थोडा विसावा घेत चाललो. त्या दिवसांत पूजानं माझ्यावर हळदकुंकू वाहिलं. समीक्षानं माझ्या टाकीवर खडूनं डोळे आणि मिशा काढल्या. ज्ञानेश्वरांनी मिशा पुसल्या नाहीत.

घरातल्या सगळ्यांनी मनाची तयारी केली होती ती देवकीबाईंच्या जाण्याची. गेले ते ज्ञानेश्वर. भात झोडून झाल्यावर खळ्याच्या कडेला पाणी प्यायला बसले आणि तसेच कलंडले. तांब्या हातातच होता.

त्यानंतर माझ्याकडे बरेच दिवस कोणी आलं नाही. पाहुणे आले, गेले. माझ्यावर पेंढ्याचा भुसा साचला. मी वाट पाहत राहिलो, पण येणारा कोण ते मलाच उमजत नव्हतं. आदेश भिवंडीच्या एका गोदामात कामाला होता. अंधार असताना निघायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. सुट्टीच्या दिवशी बापाच्या टोपीकडे बघत पडून राहायचा.

एका सकाळी देवकीबाईंनी पूजाला हाक मारली. "पूजा, आज रविवार ना गो?"

"हो, आत्याबाई."

"मग तो चालू करून बघायला पायजे."

"मला नाय येत ते. मामाच करायचे."

"मला येतंय," देवकीबाई म्हणाल्या. "हात नाय लावला कधी, पण दर खेपेला पडल्या पडल्या ऐकलाय. जा तू. मी सांगते तसा कर."

पूजा माझ्यापाशी आली. देवकीबाईंनी खाट खिडकीशी ओढून घेतली होती. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून समीक्षा मधल्या अंगणात उभी राहून निरोप पोचवत होती. आधी तेल. मग कॉक. मग चोक. पूजानं दोरी ओढली, ती उलटी झटकली आणि तिच्या तळहाताची साल निघाली.

"नाय होत चालू," पूजा ओरडली.

समीक्षा आत जाऊन परत आली. "आजी बोलते, तो जरा कुरकुरतो आधी. घाबरू नको. परत ओढ."

पूजानं पदर खोचला आणि परत ओढली. मी धडधडत सुरू झालो. पूजा ओट्यावरच खाली बसली आणि रडायला लागली. आतून देवकीबाईंनी निरोप धाडला, "आता खटका टाक."

त्या दिवसापासून पूजा माझी झाली. ज्ञानेश्वर करायचे ते सगळं ती करू लागली. किन्हवलीच्या मेकॅनिककडून तिनं प्लग साफ करायला शिकून घेतलं. काळं तेल खांबांना लावायलाही ती विसरली नाही. मला तोटा असा कशाचाच नव्हता. एक माझ्या छपराचा सोडला तर.

छपराचा एक पत्रा सैल झाला होता. वारा आला की तो फडफडायचा. पूजा आदेशला म्हणाली, "गणूकाकांना सांगू का? ते ठोकून देतील." गणू म्हणजे आदेशचे चुलत काका, शेजारीच राहायचे.

"नको," आदेश म्हणाला. "बाबांनी उभारलेला हाय तो. मीच करीन. येत्या सुट्टीला."

सुट्टी आली. तो हातोडी घेऊन आलाही. ती बापाचीच हातोडी होती. दांड्यावर हात फिरवत थोडा वेळ उभा राहिला आणि तशीच परत घेऊन गेला. मग पुढच्या सुट्टीला, त्याच्या पुढच्या सुट्टीला. त्याला आळशी म्हणू नका, मित्रांनो. पण पत्र्याला माणसाचं दुःख कळत नाही.

लावणी उरकली होती. त्या आठवड्यात पाऊस कोसळत होता. आदल्या दिवशी कामाला गेलेला आदेश पुलावर पाणी आल्यानं तिकडेच अडकला. सकाळी सापगावच्या बाजूला तारांवर झाड पडलं आणि सगळ्या भागाची वीज गेली. पूजानं नेहमीसारखं मला चालू केलं. मी चांगला चाललो होतो. पण थोड्याच वेळात वाऱ्याचा मोठा झोत आला आणि सैल पत्रा उचकटून खाचरात जाऊन पडला. त्याच्या मागोमाग दुसराही गेला. पावसाची धार सरळ माझ्या अंगावर पडू लागली.

पूजा डोक्यावर इरलं धरून धावत आली. तिनं मला बंद केलं आणि देवकीबाईंना ऑक्सिजनच्या छोट्या टाकीवर ठेवलं. मग गणूकाकांना हाक मारली. तेही ओलेचिंब होते, त्यांच्या गोठ्यात पाणी शिरलं होतं.

"भिजला तर जळेल हा," गणूकाका म्हणाले. "मग वैनीचा काय? पडवीत घेऊ."

दोघांनी मला उचललं आणि घराच्या पडवीत आणून ठेवलं. पडवीला तिन्ही बाजूंनी निळी ताडपत्री बांधलेली होती, पावसाचा सपका आत येऊ नये म्हणून. पडवीतून माजघरात जायचं दार वायरीसाठी उघडं ठेवलं. माजघरात देवकीबाईंची खाट होती. मी पहिल्यांदा त्यांना समोरून पाहत होतो.

देवकीबाई म्हणाल्या, "आत कशाला आणला गो त्याला?"

"भायेर भिजतोय, आत्याबाई. बंद पडेल."

"ते कधी आत आणत नव्हते."

"पाऊस बघा केवढा हाय. पत्रे उडाले."

देवकीबाईंना काहीतरी खुपत होतं. पण पुढे बोलायला त्यांच्यापाशी कारण नव्हतं. ज्यांच्यापाशी होतं, ते न सांगताच गेले होते.

गणूकाका आपल्या गुरांकडे गेले. पूजानं दोरी ओढली, मी एका हिसक्यात सुरू झालो. खटका पडला, मशीन चालू झाली, देवकीबाईंच्या नाकात हवा आली. मी सुक्या जागेत, ताज्या तेलावर, अगदी लयीत चालत होतो. इतका चांगला मी क्वचितच चाललो असेन.

माझ्या नळीतून धूर निघत होता. बाहेर असताना तो वारा घेऊन जायचा. आता ताडपत्रीला आपटून तो उघड्या दारानं माजघरात शिरत होता. पूजाला वास आला, तिनं उदबत्ती लावली. त्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. उदबत्तीनं तो जात नाही.

थोड्या वेळानं समीक्षा म्हणाली, "आई, माझा डोका दुखतंय."

"भूक लागली असेल. पड जरा, भाकर टाकते," पूजा म्हणाली. समीक्षा आजीच्या पायाशी गोधडीवर पडली आणि झोपी गेली. पूजा चुलीपाशी गेली, पण भाकरी न टाकताच परत आली. तिला उलटी झाली. भिंतीला टेकून ती बसली आणि हळूहळू खाली सरकली.

मी चालतच राहिलो. यंत्राला चालू राहणंच ठाऊक असतं.

देवकीबाई मात्र जाग्या होत्या. त्यांचंही डोकं गरगरत होतं, पण नाकातल्या नळीनं त्यांना अजून सावध ठेवलं होतं.

"पूजा," त्यांनी हाक मारली. "पूजा गो."

उत्तर आलं नाही. त्यांनी पायानं समीक्षाला हलवलं. ती हलली नाही. देवकीबाईंनी दोघींकडे पाहिलं आणि मग दारातून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटतं, नवऱ्यानं कधीच न सांगितलेलं कारण त्यांना त्या वेळी कळलं.

त्यांनी नाकातली नळी काढली.

भिंत धरत, उंबऱ्यावर टेकत, त्या माझ्यापर्यंत आल्या. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी चाललो, पण त्यांनी मला हात लावला तो त्या दिवशी. "पुरे रे बाबा," त्या म्हणाल्या आणि माझं बंद करायचं बटण दाबलं.

मी थांबलो. आत त्यांची मशीन ओरडायला लागली.

ताडपत्रीच्या गाठी भिजून आवळल्या होत्या. त्या सुटेनात. देवकीबाईंनी कुडाला खोवलेला विळा काढला आणि दोऱ्या कापल्या. ताडपत्री खाली आली, वारा आणि पाऊस घरात घुसला. त्या पुन्हा आत गेल्या. उभं राहता येईना म्हणून बसून, सरकत गेल्या. समीक्षा ज्या गोधडीवर होती, ती गोधडीच धरून त्यांनी तिला पडवीच्या पायरीपर्यंत ओढून आणलं. पूजा त्यांच्यानं ओढवेना. त्यांनी गणूला हाक मारायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटला नाही. मग पडवीतली पितळी परात घेतली आणि पायरीच्या दगडावर आपटायला लागल्या.

गणूकाका पळत आले. "वैनी, काय झाला?"

देवकीबाईंनी आत बोट दाखवलं. "तिला. आधी तिला."

गणूकाकांनी पूजाला खांद्याखाली धरून फरफटत बाहेर आणलं, पावसात झोपवलं. तोंडावर पाणी पडलं तशी ती कण्हली. समीक्षानंही डोळे उघडले आणि ओकली. तेव्हा कुठे गणूकाकांचं लक्ष वहिनीकडे गेलं. ओठ निळे पडले होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"हवा पायजे तुमाला," म्हणत त्यांनी माझी दोरी धरली.

देवकीबाईंनी त्यांचा हात धरला आणि मान हलवली. "इथं नको."

गणूकाका समजले. ते आधी ऑक्सिजनच्या टाकीकडे धावले, पण ती सकाळीच रिकामी झाली होती. मग त्यांनी मला एकट्यानं उचललं आणि ओढत अंगणाच्या पार टोकाला नेलं. भर पावसात दोरी ओढली. मित्रांनो, मी पहिल्याच हिसक्याला चालू झालो. भिजत होतो, अंगावरून पाणी वाहत होतं, तरी चालू झालो. तसंच चालायला मी सकाळीही तयार होतो. ते मला सांगता आलं नव्हतं, इतकंच.

गणूकाकांनी वायर जोडली, खटका टाकला, लांब नळी पायरीपर्यंत आणली आणि देवकीबाईंच्या नाकाला लावली. मशीन चालू झाली. नळीतून हवा येऊ लागली. पण ती ओढून घेणारं आता कोणी नव्हतं.

मला बंद करायला कोणी आलं नाही. पेट्रोल संपेपर्यंत मी अंगणात चालत राहिलो.

पूजा आणि समीक्षा शहापूरच्या दवाखान्यातून बऱ्या होऊन घरी आल्या. डॉक्टरांनी जे सांगितलं ते पूजा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, तेव्हा मी ऐकलं. थोडा वेळ आणखी गेला असता तर दोघीही उठल्या नसत्या. देवकीबाई शुद्धीवर राहिल्या त्या नळीतल्या प्राणवायूमुळं, आणि तीच नळी काढून त्या उठल्या.

लोक मला शिव्या देत. गणूकाका कोणाशी बोलेनासे झाले. पडवीत न्यायचं त्यांनीच सुचवलं होतं. एका दुपारी आदेश बाहेर आला, खाचरातले दोन्ही पत्रे शोधून काढले आणि पावसातच डांबांवर चढून ठोकायला लागला. पूजा दारात उभी राहून बघत होती. पत्रे घट्ट बसल्यावरही तो बराच वेळ ठोकत होता.

पुढे मुरबाडकडचा धाऊ नावाचा एक माणूस मला मागायला आला. त्याच्या आईला तशीच मशीन लागली होती. आदेश म्हणाला, "घेऊन जा." पण पूजानं धाऊला थांबवलं.

धाऊ म्हणाला, "चालू कसा करायचा तेवढा दाखव, ताई."

"ते मागून," पूजा म्हणाली. तिनं मला चालू केलं, धाऊचा हात धरला आणि माझ्या धुराच्या नळीसमोर नेला. गरम झोत लागताच त्यानं हात मागे घेतला.

"हा धूर माणूस मारतो," ती म्हणाली. "दिसत नाय, कळत नाय. माझी सासू यात गेली. घरात नाय, पडवीत नाय, खिडकीखाली नाय. तुझ्या घरात लहान पोर असेल तर तिलापण हे सांग. नुसता सांगू नको. का, ते सांग."

धाऊनं मान डोलावली. पूजानं पुन्हा सांगितलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं. मगच त्याला तेलाची काडी दाखवली.

मित्रांनो, माझी निगा राखा. दर आठवड्याला मला चालवून बघा, तेल तपासा, उंदीर हाकला. पण माझ्या जागेचीही निगा राखा. अंगणात लांब माझ्यासाठी पक्कं छप्पर करा आणि त्याचा खिळा सैल झाला तर त्याच दिवशी ठोका. तुमच्या घरात एखादं काम एकच माणूस करत असेल, तर तो ते तसंच का करतो, हे त्याला आजच विचारून घ्या. आणि कधी वादळात माझं छप्पर उडालंच, तर माझी दया येऊन मला घरात घेऊ नका. भिजून बंद पडलेलं यंत्र पुन्हा चालू होतं.